सहापैकी सगळ्यात साधा

शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून कलेक्शनसाठी थीम मागवल्या की पहिल्या आठवड्यात फुलपाखरू येतंच. कोषातून बाहेर पडणारी स्त्री, पंख, स्वातंत्र्य. त्याच्या मागोमाग राखेतून उठणारा फिनिक्स, समुद्राचा तळ, माणसाचे मुखवटे आणि आजीची ट्रंक. वारली तर दरवर्षी ठरलेली. ज्यांनी डहाणू-जव्हारकडचं एकही घर आतून पाहिलेलं नाही, त्यांच्या वहीत त्रिकोणांची माणसं तारप्याभोवती गोल फिरत असतात. हल्ली चित्रं शोधायचेही कष्ट उरले नाहीत. पिंटरेस्टवरून अर्ध्या तासात मूडबोर्ड होतो, आणि एआयला चार ओळी लिहून दिल्या तर पाच मिनिटांत. बोर्ड देखणा असतो. त्यात कपडा कुठे आहे, हे मात्र विचारावं लागतं.

मी पुण्यातल्या एका डिझाइन कॉलेजात फॅशन शिकवते. त्याआधी निर्यातीचे कपडे बनवणाऱ्या कारखान्यात, सॅम्पलिंगच्या खात्यात काही वर्षं काढली. तिथे थीम कुणी विचारत नसे. सॅम्पल कधी निघणार, कापड किती लागणार आणि गळा डोक्यातून जातोय की नाही, एवढ्यावर दिवस संपायचा. त्यामुळे माझी नजर थोडी कारखान्याची आहे, हे मुलांना पहिल्या तासालाच कळतं. थीमशी माझं वैर नाही. कुठून तरी सुरुवात करायलाच हवी आणि फुलपाखरू त्याला वाईट नाही. पण थीम ठरली म्हणजे कलेक्शन ठरलं, असं मुलं धरून चालतात आणि पुढचे कित्येक महिने त्या फुलपाखराची चाकरी करत बसतात.

तीन वर्षं आम्हीच त्यांना एकेक कपडा करायला शिकवलेलं असतं. आधी स्कर्ट, मग बॉडिस, मग जॅकेट. चौथ्या वर्षी एकदम म्हणतो, आता सहा पोशाख करा आणि ते एकमेकांचे असू द्या. मग मुलं एक झकास गाऊन काढतात आणि तोच सहा वेळा थोडाथोडा बदलून काढतात. नाहीतर सहा वेगळे गाऊन काढतात आणि सगळ्यांना एकच रंग देतात. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे प्रत्येक कपड्याला रॅम्पवर शेवटचं यायचं असतं.

म्हणून कुठलंही कलेक्शन समोर आलं की मी आधी त्यातला सगळ्यात साधा कपडा शोधते. एखादा शर्ट, पायजमा, बिनबाह्यांचा कुर्ता. मोठ्या कपड्याला थीमचा आधार असतो, भरतकामाचा असतो, मॉडेलच्या उंचीचा असतो. साध्या शर्टाला कुणाचाच आधार नसतो. कॉलर किती उंच, खिसा कुठे, लांबी कमरेशी थांबणार की मांडीशी, हे तिथे कुणीतरी ठरवलेलं असतं किंवा नसतं. ठरवलेलं नसेल तर लगेच कळतं. तो शर्ट बाजारातून आणून रांगेत उभा केल्यासारखा दिसतो.

मुलांना ब्रिटिश डिझायनर मॅक्वीन फार आवडतो. त्याने १९९२ साली सेंट्रल सेंट मार्टिन्समध्ये एम. ए.साठी केलेलं कलेक्शन फॅशन संपादक इझाबेला ब्लोने सगळंच्या सगळं विकत घेतलं, ही गोष्ट प्रत्येक बॅचमधलं कुणी ना कुणी मला सांगतंच. सांगताना डोळे चमकत असतात. मीही त्यांना त्याच माणसाची आधीची गोष्ट सांगते. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो लंडनच्या सॅव्हिल रोवर, अँडरसन अँड शेपर्डच्या दुकानात उमेदवार म्हणून बसला होता. पुरुषांचे कोट शिवायला शिकत होता. पुढे त्याने कोटाची जी मोडतोड केली, ती कोट आतून कसा उभा राहतो हे माहीत असलेल्या हातांनी केली. ही दुसरी गोष्ट ऐकताना डोळे तितके चमकत नाहीत. हरकत नाही.

कपडा घालणार कोण, हा दुसरा अडथळा. प्रत्येकाच्या वहीत एक ‘म्यूझ’ असते आणि ती नेहमी बावीस ते पस्तीस वर्षांची, आत्मविश्वास असलेली, प्रवास आवडणारी बाई असते. हातात कॉफी. मी विचारते, ही सकाळी किती वाजता घराबाहेर पडते? स्कूटरवर बसते की लोकलला लोंबकळते? दोन्ही हातांत पिशव्या असताना किल्ली कुठून काढते? सिनेमात जायचं म्हणणाऱ्या मुलांना इथे भानू अथैयांचं उदाहरण देता येतं. कोल्हापूरच्या, जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेल्या या बाईंना ‘गांधी’साठी १९८३ साली जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळालं, ते भारताच्या वाट्याला आलेलं पहिलं. पण वेशभूषाकाराच्या हातात पटकथा असते. पात्राचं वय, गाव, ऐपत, त्याचं शेवटी काय होतं, सगळं लिहिलेलं असतं. कलेक्शन करणाऱ्याला यातलं काहीच कुणी देत नाही. कपडा घेणारी बाई त्याला कधी भेटणारही नसते. तिचं ते त्यालाच लिहावं लागतं आणि त्यात कॉफीपेक्षा किल्ली जास्त उपयोगाची असते.

चित्रं काढायला परवानगी देण्याआधी मी एक शर्ट उसवायला लावते. घरातला, बापाचा किंवा भावाचा, टाकायच्या लायकीचा, पण पूर्ण बाह्यांचा. मुलं कंटाळतात. शिवण उसवायचं कटर घेऊन एकेक टीप काढायची, तुकडे इस्त्री करायचे आणि कागदावर मांडायचे. पुढचे दोन भाग, पाठ, दुहेरी योक, बाह्या, कफांचे चार तुकडे, कॉलर, तिचं स्टँड, बाहीच्या चिरेच्या पट्ट्या, खिसा. वीसच्या आसपास तुकडे निघतात. आपण रोज बघतो त्या वस्तूत एवढं काही असतं, याचं आश्चर्य बहुतेकांच्या चेहऱ्यावर दिसतं. एकदा एका मुलीने कफाच्या आतून निघालेलं पिवळं पडलेलं बकरम मला आणून दाखवलं आणि म्हणाली, “मॅम, यात बाबांच्या मनगटाचा आकार राहिलाय.” तिची थीम तेव्हा समुद्राचा तळ होती. पुढच्या आठवड्यात तिने ती स्वतःच बदलली.

मग बाजार. रविवार पेठेतलं कापडगंज, लक्ष्मी रोड आणि ज्यांना जमेल त्यांनी मुंबईला मंगलदास मार्केट. मी बरोबर जाते, पण भाव करत नाही. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला की चार धागे मागून घ्यायचे आणि बाहेर येऊन जाळायचे, हे शिकवते. सुती धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. लोकर आणि रेशमाचा वास जळक्या केसांचा. पॉलिएस्टर वितळतं, आखडतं आणि टोकाशी काळा कडक मणी होतो. त्या मण्यावर बोट फिरवून मुलं दुकानाकडे जे बघतात, ते बघण्यासारखं असतं. आपल्याला हवं ते कापड कितीच्या पन्ह्यात येतं, हे विचारायला मात्र दहातली आठ जणं विसरतात. चव्वेचाळीस इंच आणि अठ्ठावन्न इंच यांत बाह्या कुठे बसणार हे बदलतं, कापड किती लागणार हे बदलतं आणि कधीकधी सगळं डिझाइन बदलतं.

खणाचं तर दर वर्षी होतं. गुळेदगुड्डचा खण विणलाच जातो चोळीसाठी. पन्हा जेमतेम, दोन्हीकडे काठ. मुलींना त्याचा जमिनीपर्यंत येणारा घेरदार ड्रेस करायचा असतो. मग त्या कापडाला कापड जोडत बसतात आणि काठ कुठेही तिरपातिरपा येतो. कापडाचं ऐकलं तर उत्तर सोपं असतं. पूर्ण पन्ह्याची एक कळी धरायची, काठ शिवणीवर येऊ द्यायचा आणि घेर कळ्या वाढवून वाढवायचा. उरेब, म्हणजे तिरकं, कापायचा मोहही आवरायचा. फ्रेंच डिझायनर मादलेन व्हियोने लाकडी बाहुलीवर कापड सोडून उरेब कट शोधत बसायची, हे खरं आहे, पण त्यासाठी ती मोठ्या पन्ह्याचं क्रेप वापरायची. खण उरेब कापला की नुसत्या चिंध्या उरतात.

भिंतीवरचा खेळ मला सगळ्यात आवडतो. मुलांनी काढलेल्या स्केचेसचे वरचे कपडे आणि खालचे कपडे कात्रीने वेगळे करायचे, भिंतीवर टाचणीने लावायचे आणि अदलाबदल करायची. दुसऱ्या लुकचा टॉप पाचव्याच्या पँटवर लावून बघायचा, तिसऱ्याचं जॅकेट पहिल्यावर. बसलं तर ते एका घरचे कपडे आहेत. नाही बसलं तर सहा सुटे पोशाख आहेत आणि थीम नावाच्या दोरीने ते बळेच बांधलेत. दुकानाच्या हिशेबातही एका पँटमागे दोन-तीन टॉप धरतात, कारण माणसं तसंच घालतात. हा खेळ सुरू झाला की काढून टाकायची वेळ येते आणि रडारडही इथेच होते. एक मुलगा त्याच्या आवडत्या केपसाठी माझ्याशी तावातावाने भांडला. केप उत्तम होती. बाकीच्या पाचांपैकी एकाशीही तिचं बोलणं होत नव्हतं. शेवटी ती गेली आणि तिची फक्त मागची पट्टी एका जॅकेटवर राहिली.

त्याच बॅचला माणदेशातून आलेला एक मुलगा होता. त्याने आजोबांची घोंगडी आणली. काळी, जाड, आणि कोरडी असली तरी वर्गभर मेंढरांचा वास सोडणारी. मेंढ्या धनगरांच्या आणि विणणारे सनगर, हे त्याच्याकडूनच वर्गाने ऐकलं. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक असते आणि वापरून वापरून मऊ पडते, हेही. त्याच्या मूडबोर्डवर ‘मुळं’ असं लिहिलेलं होतं आणि खाली फाटलेल्या जमिनीचे फोटो. स्केचमध्ये घोंगडीचे टोकदार खांदे, गाऊन, लांब शेपटी. वहीवर ते भव्य दिसत होतं.

आमच्याकडे पॅटर्नचं काम बघणारे मास्टर आहेत. त्यांचं अर्धं आयुष्य कोट शिवण्यात गेलं. त्यांनी घोंगडीचा कोपरा बोटांत धरून चोळला, उजेडात पाहिला आणि म्हणाले, “बाळा, हिला फार कात्री लावू नको. कापशील तिथून सुटत जाईल.” मुलाने तरी मांजरपाटावर खांदे करून पाहिले आणि ते छान उभे राहिले, कारण मांजरपाट पातळ. मग मास्टरांनी त्याला रविवारी जुन्या बाजारात पिटाळलं आणि एक जाड जुनी ब्लँकेट आणायला लावली. तिच्यावर तोच खांदा शिवायला घेतला तर मशीनचा पाय शिवणीवर चढेना. अठरा नंबरची सुई घातली, तीही मोडली. कॉलर उलटवायची तर चार थर एकावर एक आणि गळ्याशी उंबरठा तयार झाला. ती दुपार मुलगा काही बोलला नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी बोललेलं काही कामाचं नसतं.

दिवाळीत घरी गेला तेव्हा त्याने आजोबांचा व्हिडिओ काढून आणला. पाऊस आला की ते घोंगडी कशी घेतात, खोळ करून डोक्यावर कशी ओढतात, काठी धरायला हात कुठून काढतात, रात्री तीच कशी अंथरतात. कात्री नाही, टीप नाही, नुसत्या घड्या. आम्ही तो पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला आणि त्याने प्रत्येक घडीचं रेखाटन केलं. तिथून कोट निघाला. आजोबांची घोंगडी दोन पट्टे मधोमध हाताने जोडून केलेली होती. तो जोड पाठीच्या मध्यावर आला. विणीचे मूळ काठ समोरच्या कडांना आले, त्यामुळे दुमड लागलीच नाही. टोपी घडीतूनच झाली. कापायचं राहिलं ते गळ्याचं थोडंसं आणि हातांच्या चिरा. शिवणी एकमेकींवर चढवून, दाभणाने, लोकरीच्याच पिळलेल्या धाग्याने घातल्या. खांदे वजनाने ओघळू नयेत म्हणून आतून सुती पट्टी. मास्टर रोज येऊन बघून जात आणि न बोलता जात. त्यांच्या बाबतीत ते कौतुकच असतं.

पण मी हे सांगतेय ते कोटासाठी नाही. कोट तयार झाला आणि त्याने तो वर्गातल्या एका मित्राला घातला. मित्र पाच मिनिटांत मान खाजवायला लागला. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, टोचते. मी विचारलं, “आजोबा आत काय घालतात?”

“सदरा.”

“मग तुझ्या माणसाच्या आत काय आहे?”

आत त्याने काळा टी-शर्ट धरला होता, विकत आणायचा. रांगेतला तो त्याचा ‘सोपा’ कपडा होता. त्याचा शर्ट झाला. स्टँड नेहमीपेक्षा अर्धा इंच उंच, म्हणजे कोटाचा काठ मानेला लागत नाही. कफ कोटाच्या चिरेतून इंचभर बाहेर, म्हणजे मनगटही सुटतं. खांद्याची शिवण पुढे सरकवलेली, कारण कोटाची जाड शिवण बरोबर वर येत होती आणि दोन शिवणी एकीवर एक बसून खांद्याला रुतत होत्या. बटणं झाकलेली, नाहीतर लोकरीत अडकतात. छातीवर खिसा नाही. कापड इचलकरंजीचं साधं पॉपलिन, तीनदा धुऊन मऊ केलेलं. हँगरवर तो पांढरा शर्ट दिसतो. बारकाईने पाहिलं तर कॉलर जरा उंच वाटते, एवढंच. पण त्याच्यातला एकही इंच आपोआप आलेला नव्हता आणि त्या शर्टापासून बाकीचे चार पोशाख भराभर सुटत गेले. पायजम्याची उंची कोटाच्या घेरावरून ठरली, बिनबाह्यांची बंडी शर्टाच्या स्टँडवरून. ‘मुळं’ हा शब्द त्याने बोर्डवरून कधी काढला, मला आठवत नाही.

२०२५च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आमच्या वर्गात नुसता भडका. कोल्हापुरीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे, हे सगळं मुलांना एका रात्रीत पाठ झालं. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय हस्तकलेची होती हे मान्य केलं. डिओरने मार्च २०२३मध्ये गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला होता. तेव्हा भरतकाम करणाऱ्या मुंबईच्या चाणक्य स्कूलचं नाव उघड घेतलं गेलं होतं, हेही कुणीतरी काढलं. राग रास्तच होता. मी म्हटलं, आता आपापले पोर्टफोलिओ उघडा. एकीची इकत डिजिटल छापाची होती. एकाने पैठणीचा मोर संगणकावर काढून पॉलिएस्टरवर उतरवला होता. तिसऱ्याचं ‘हँडब्लॉक’ नेमकं कुठलं, हे त्यालाही माहीत नव्हतं. त्यानंतर आमच्या ब्रीफमध्ये एक रकाना आला. हाताने केलेलं जे काही वापराल त्याचं गाव, करणाऱ्याला दिलेली मजुरी आणि नाव छापायला त्याची हरकत आहे का, हे लिहायचं. भरायला सगळ्यात जड जातो तो मजुरीचा रकाना.

पैशांचं बोलणं तसंही उशिरा निघतं. मुलं कॉस्टिंग शीट म्हणजे परीक्षेची एक कटकट समजतात. यंदा एका मुलीने तिच्या पँटची किंमत कापड, अस्तर, चेन, शिलाई, नफा धरून २,६५० रुपये काढली. सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावर गेलं की १८. म्हणजे तिची पँट गिऱ्हाइकाला ३,१२७ रुपयांना पडणार. तीच २,४९०वर आणली तर २,६१४.५०. हे आकडे फळ्यावर लिहिल्यावर वर्ग जागा झाला. १६० रुपये कुठून काढायचे यावर जेवढी घमासान चर्चा झाली तेवढी थीमवर कधी झाली नव्हती. कुणी म्हणे, मागचा खिसा काढ. कुणी म्हणे, अस्तर गुडघ्यापर्यंतच ठेव. शेवटी तिनेच मार्ग काढला. बाजूची चेन काढली, नेफ्यात थोडं इलॅस्टिक घेतलं आणि कमरेचे दोन साइज एकात बसवले. पँट आधीपेक्षा बरी झाली, हे तिलाही मान्य करावं लागलं.

ज्युरी आणि शोबद्दल मला फार लिहायचं नाही. दिवे, संगीत, रडणाऱ्या आया, फोन वर धरलेले काका. घोंगडीच्या कोटाचे फोटो सगळ्यांनी काढले आणि शर्टाचा कुणीच काढला नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांपैकी एकाने मात्र स्टॉलवर तो शर्ट हँगरवरून काढला, उलटा केला, स्टँडची शिवण अंगठ्याने दाबून पाहिली आणि मुलाला विचारलं, “हा तू ठरवून अर्धा इंच वर घेतलास?” पुढची चर्चा आम्हाला ऐकू आली नाही, पण ती लांबली. तो मुलगा आता बंगळुरूला एका शर्टांच्या कंपनीत सॅम्पलिंगला आहे. तिथेही त्याला कुणी थीम विचारत नाही.

माझी एक सहकारी या सगळ्याशी सहमत नाही. तिचं म्हणणं, विसाव्या-बाविसाव्या वर्षी मुलांनी अशक्य कपडे करून बघायला हवेत. किल्ल्या, जीएसटी आणि कफ पुढे जन्मभर आहेतच. तिचं कलेक्शन शिकवणं माझ्यापेक्षा रंगतदार असतं आणि तिच्या काही मुलांनी खरोखरच नाव काढलंय. हा वाद आमच्यात बरीच वर्षं चालू आहे आणि तो मिटावा असं दोघींनाही फारसं वाटत नाही. यंदा मात्र आम्ही दोघींनी मिळून ब्रीफमध्ये एक अट घातली. पाच पोशाख काहीही करा. सहावा असा हवा, जो शोच्या आधी आठवडाभर कुणीतरी अंगावर घालून हिंडेल, धुवेल आणि त्याची रोजनिशी लिहील. धुणंही घरच्यासारखं, बादलीत भिजवून.

पहिल्या रोजनिशा गेल्या आठवड्यात आल्या. “रिक्षात बसताना स्लिट उजव्या बाजूला हवी होती, आपण डावीकडून चढतो.” “खिशात मोबाइल ठेवला की पूर्ण कुर्ता एका बाजूला ओढला जातो.” “पहिल्या धुण्यात लांबी पाऊण इंच कमी. रंग बनियनला लागला, दादा बोलत नाहीये.” आणि एकीने लिहिलं होतं, “पीएमटीत दांडा धरायला हात वर केला की अख्खा शर्ट वर येतो. मुंढा खाली घेऊन सैल करू?”

मास्टरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “उलटं सांग तिला. मुंढा वर घ्यायचा, काखेच्या जवळ. खाली घेतला की अजून ओढेल.” तिला पटेना. मग त्यांनी दोन बाह्या मांजरपाटावर कापल्या, एक तिच्या म्हणण्याप्रमाणे, एक स्वतःच्या, डाव्या-उजव्या हाताला लावल्या आणि तिला बोळातल्या खिडकीचा गज धरायला सांगितलं.